वतन आणि सत्ता : मध्ययुगीन दख्खनच्या राज्यसंस्थेचा पाया

मध्ययुगीन महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात राजघराणी, लढाया आणि तह यांना जेवढी जागा मिळत आली, तेवढी जमीनमहसुलाच्या वाटणीला मिळाली नाही. वास्तविक इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यापासून १८१८ मध्ये पेशवाई संपेपर्यंतच्या सुमारे पावणेपाचशे वर्षांत सत्ता कोणाच्या हाती होती, ती कशी टिकली आणि कशी निसटली, या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्या वाटणीतच सापडतात. या काळात राजधानी दौलताबादहून गुलबर्ग्यास, तेथून बिदरला गेली, पुढे अहमदनगर आणि विजापूर, रायगड, सातारा आणि पुणे अशी सत्तेची केंद्रे बदलत राहिली. परंतु गावची पाटिलकी आणि परगण्याची देशमुखी बहुधा त्याच त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत राहिली. राजा बदलला तरी वतनदार बदलत नसे, आणि नव्या राजालाही आपला अंमल बसवण्यासाठी त्याच वतनदाराचा हात धरावा लागे. जमिनीच्या उत्पन्नावरील हे वंशपरंपरागत हक्क राजसत्तेचा आधार होते आणि तिची मर्यादाही तेच होते, हे पुढील विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

सरंजामशाही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेचे शास्त्रशुद्ध वर्णन प्रथम पश्चिम युरोपच्या संदर्भात झाले. शार्लमेनचे साम्राज्य नवव्या शतकात विस्कळीत झाल्यावर तेथील राजांकडे पगारी सैन्य आणि पगारी अधिकारी पोसण्याइतका रोख पैसा राहिला नाही, त्यामुळे सरदाराने लष्करी सेवा द्यावी, राजनिष्ठेची शपथ घ्यावी आणि मोबदल्यात भूप्रदेशाचा उपभोग घ्यावा अशी रीत रूढ झाली. आणि हा उपभोग कालांतराने वंशपरंपरागत झाला. सरदारांच्या हाताखाली दुय्यम सरदार आणि सर्वांच्या तळाशी जमिनीला बांधलेला भूदास कुणबी, अशी ती उतरंड होती. इंग्लंडचा राजा विल्यम याने १०८६ मध्ये सॉल्सबरी येथे प्रमुख भूधारकांकडून थेट आपल्याशी निष्ठेची शपथ घेवविली, तर त्याच देशात १२१५ मध्ये सरदारांनी जॉन राजाला मॅग्ना कार्टा या सनदेने बांधून घेतले. या दोन घटनांमधील अंतर सव्वाशे वर्षांचे असले, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : जमीन देणारा राजा आणि जमिनीमुळे बलवान झालेला सरदार यांच्यापैकी अंतिम शब्द कोणाचा?

भारतातील परिस्थितीला ही संकल्पना लावावी की नाही, याविषयी अभ्यासकांत दीर्घ वाद झाला आहे. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सरंजामशाहीच्या दोन प्रक्रिया सांगितल्या : राजाने आपले अधिकार मांडलिकांना आणि अधिकाऱ्यांना वाटून दिल्याने वरून घडणारी एक, आणि गावातूनच राज्य व शेतकरी यांच्यामध्ये जमीनदारांचा वर्ग उभा राहिल्याने खालून घडणारी दुसरी. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भूमिदानांच्या ताम्रपटांवरून या मांडणीचा विस्तार केला. हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये तिला आव्हान दिले. भारतातील शेतकरी युरोपातील भूदासासारखा जमीनदाराच्या मालकीचा नव्हता आणि स्वतःची उत्पादनसाधने बाळगून होता, असा त्यांचा आक्षेप होता. दख्खनची कागदपत्रे पाहता मुखियांचा आक्षेप रयतेच्या कायदेशीर स्थितीपुरता रास्त ठरतो. परंतु राजकीय सत्तेची घडण समजून घेण्यासाठी कोसंबींची ‘वरून’ आणि ‘खालून’ ही विभागणी आजही सर्वांत उपयुक्त आहे, कारण दख्खनमध्ये या दोन्ही प्रवाहांना स्वतंत्र नावे, स्वतंत्र कागद आणि स्वतंत्र घराणी होती.

खालून आलेला प्रवाह म्हणजे वतन. एखादे सार्वजनिक काम वंशपरंपरेने करण्याचा अधिकार आणि त्या कामाबद्दल मिळणारे उत्पन्न, जमीन व मानपान या सर्वांचे मिळून वतन होई. गावाच्या पातळीवर पाटील किंवा मोकदम हा प्रमुख असे; वसूल जमा करणे, पडीक जमीन लागवडीस आणणे आणि गावाचे रक्षण करणे ही त्याची कामे होती. कुलकर्णी हिशेब ठेवी आणि चौगुला पाटलाला मदत करी. अनेक गावे मिळून झालेल्या परगण्यावर देशमुख आणि त्याचा लेखनाधिकारी देशपांडे किंवा देशकुलकर्णी असे. देशमुखाकडे स्वतःची गढी, स्वतःचे प्यादे आणि आपल्या भाऊबंदांचे बळ असे, आणि सरकारी वसुलाखेरीज त्याचे स्वतःचे हक्क-लाजिमे, म्हणजे धान्य, रोकड आणि वस्तूंच्या रूपाने गावोगावहून येणाऱ्या बाबी, रयतेकडून परस्पर वसूल होत. हे वतन वाटले जाई, गहाण पडे आणि विकलेही जाई. अर्धी पाटिलकी विकत घेणारा माणूस गावाच्या मानपानातही अर्धा वाटेकरी होई. राज्यकारभाराचा अधिकार अशा रीतीने मालमत्तेसारखा हाताळला जात होता, ही गोष्ट या व्यवस्थेचे मर्म उघड करते.

वतनाला राजाच्या सनदेइतकाच आधार समाजाच्या साक्षीचा होता. वाद उत्पन्न झाला म्हणजे गोतसभा भरे. तीत देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि बलुतेदारही बसत. बलुतेदार म्हणजे सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी यांच्यासारखे, गावाची कामे करून पिकातील ठराविक वाटा घेणारे वतनदार. या सभेचा निर्णय महजर नावाच्या कागदावर लिहिला जाई आणि त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, तर इतर लोक आपापल्या व्यवसायाच्या खुणा उमटवीत. पुराव्याने निकाल लागेना तेव्हा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे, म्हणजे रवा काढण्याचे, दिव्य करावे लागे. निकालानंतर जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी ही रक्कम सरकारात जमा होई. त्यामुळे वतनाच्या भांडणातून राज्याला दुहेरी लाभ होत असे : खजिन्यात पैसा येई, आणि दाद मागायला आलेला वतनदार त्या राजाची सत्ता आपोआप मान्य करी. दख्खनमधील राजा हा बऱ्याच अंशी हक्कांचा लवाद होता, आणि ज्याच्या दाराशी वाद जात तोच त्या मुलखाचा खरा धनी समजला जाई.

वरून आलेला प्रवाह मोकासा आणि जहागीर यांचा होता. सुलतान आपल्या सरदाराला ठराविक गावांचा किंवा परगण्यांचा वसूल तोडून देई आणि त्यावर त्याने नेमून दिलेले स्वार बाळगून चाकरी करावी असा करार असे. ही नेमणूक तत्त्वतः हंगामी आणि परत घेता येण्याजोगी होती, म्हणून ती वतनाहून वेगळी ठरे. मात्र दूरच्या प्रांतात फौज, किल्ले आणि वसूल एकाच माणसाच्या हाती गेले की करारातील हंगामीपणा नावापुरता उरतो, याचा धडा बहमनी राज्याने घालून दिला. त्या राज्याच्या चार तरफा, म्हणजे मोठे प्रांत, चार तरफदारांच्या हाती होत्या. वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले आणि काही मुलूख थेट खालशात, म्हणजे सरकारच्या खास ताब्यात घेतला. दुखावलेल्या सरदारांनी बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आरोप घडवून आणला आणि १४८१ मध्ये सुलतानाने त्याला ठार करविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रांताधिकारी स्वतःच सुलतान झाले, आणि एका राज्याच्या जागी निजामशाही, आदिलशाही, इमादशाही, कुतुबशाही आणि बरीदशाही अशी पाच राज्ये उभी राहिली.

या राज्यांतील मराठा घराणी दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभी होती. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, मुधोळचे घोरपडे, जतचे डफळे, वाडीचे सावंत या घराण्यांकडे देशमुखी-देसाईपणाची वतने होती आणि त्याच वेळी सुलतानांच्या चाकरीतील मनसबी वा मोकासेही होते. चाकरी गेली तरी वतन राही, आणि वतनाच्या बळावर दुसऱ्या दरबारात पुन्हा चाकरी मिळे. त्यामुळे निष्ठा बदलणे हा नैतिक अधःपात मानण्यापेक्षा वतन राखण्याचा व्यवहार मानला जाई. शहाजीराजे भोसले यांच्या पुणे-सुपे येथील मोकाशाने शिवाजी महाराजांना मुलखाच्या वसुलाचा अधिकार दिला होता, परंतु मावळातील खोरी प्रत्यक्षात जेधे, बांदल, खोपडे, मोरे अशा देशमुखांच्या हाती होती. म्हणूनच १६५९ मध्ये अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशहाने मावळच्या देशमुखांना वेगवेगळी फर्माने पाठविली. खंडोजी खोपडे खानाला मिळाला. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले, अशी जेधे घराण्याच्या कागदांतील नोंद आहे. खोऱ्यातला देशमुख कोणत्या बाजूला उभा राहतो यावर त्या मोहिमेचे यशापयश अवलंबून होते, आणि हे विजापूरला जेवढे कळत होते तेवढेच राजगडालाही.

शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेचे ऐतिहासिक वेगळेपण या पार्श्वभूमीवरच नीट उमगते. राजारामांच्या काळात जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीनुसार महाराजांनी देशमुखांचे बुरूजबंद वाडे पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले आणि ते रयतेकडून परस्पर न घेता सरकारी नेमणुकीने घ्यावेत असे केले; जमीन पाच हात पाच मुठींच्या काठीने मोजून पिकाचे पाच भाग करावेत, त्यांपैकी दोन सरकारने घ्यावेत आणि तीन रयतेला द्यावेत असा दंडक घातला; आणि सैन्याला व अधिकाऱ्यांना जमिनीऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले. वतने त्यांनी समूळ मोडली नाहीत. अनेक जुने देशमुख आपापल्या जागी राहिले आणि वतनाचे तंटे महाराजांसमोर येतच राहिले. त्यांनी मोडले ते वतनाचे लष्करी बळ. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचे राज्य १६५६ मध्ये बुडविले गेले ते या धोरणाचे सर्वांत कठोर उदाहरण होय. राजा आणि रयत यांच्यामधला मध्यस्थ दुबळा केला तरच राज्य राजाचे राहते, हे सूत्र महमूद गावानलाही उमगले होते. महाराजांनी ते तळच्या देशमुखापर्यंत नेले.

ही व्यवस्था टिकण्यासाठी भरलेला खजिना आणि स्थिर केंद्र आवश्यक होते, आणि १६८९ मध्ये दोन्ही नाहीसे झाले. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. औरंगजेब मनसबी आणि वतने देऊन मराठा सरदारांना आपल्याकडे ओढत असताना रोख वेतन देण्यास असमर्थ असलेल्या मराठा दरबारालाही तेच चलन वापरावे लागले : जो सरदार मुलूख सोडवील त्याला त्या मुलखात वतन, इनाम किंवा सरंजाम. इनाम म्हणजे करमुक्त आणि बहुधा वंशपरंपरागत देणगी, तर सरंजाम म्हणजे फौज राखण्यासाठी तोडून दिलेला वसूल. या धोरणाने राज्य वाचले, हे निर्विवाद आहे. राजा शेकडो कोस दूर असताना संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्यासारख्यांच्या फौजा वर्षानुवर्षे मोगलांशी झुंजत राहिल्या. परंतु त्याची किंमत काय पडली, हे याच काळात कारभाराची धुरा वाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात स्पष्टपणे लिहून ठेवले. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील हे आपापल्या जागी स्वतंत्र नायकच आहेत, राजाचे बळ कमी होताच ते शेजाऱ्याचे बळकावतात आणि शत्रू येताच वतनाच्या लोभाने त्याला जाऊन मिळतात, म्हणून त्यांना मानही द्यावा आणि दाबातही ठेवावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. मध्ययुगीन सत्तेच्या अंतर्विरोधाचे याहून नेमके निदान त्या काळच्या मराठी लेखनात क्वचितच मिळेल.

शाहू महाराजांच्या काळात या तडजोडीला अंकगणिताचे रूप आले. पेशवा बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्याच्या, तसेच दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे सर्व देशमुखांचा प्रमुख या नात्याने छत्रपतींनी सांगितलेला शेकडा दहाचा हक्क. छत्रपतींनी साम्राज्यावर सांगितलेला हा अधिकारही एका वतनाचाच अधिकार होता, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चौथाईची पुढे अशी वाटणी झाली : शंभरातले पंचवीस ‘बाबती’ म्हणून राजाकडे, सहा ‘सहोत्रा’ म्हणून पंत सचिवाकडे, तीन ‘नाडगौडा’ म्हणून राजाच्या मर्जीने इतरांकडे आणि उरलेले सहासष्ट मोकाशाचे म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे. एकाच परगण्याच्या वसुलात अनेकांचे हिस्से अशा प्रकारे गुंतविले गेले की कोणा एकाला तेथे संपूर्ण स्वतंत्र होता येऊ नये आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या हिशेबावर लक्ष ठेवणे भाग पडावे. त्याचबरोबर दोनतृतीयांश वाटा सरदारांकडे गेल्याने विस्तार हा प्रत्येक सरदाराच्या स्वार्थाचा विषय झाला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत पोहोचले त्यामागे ही प्रेरणा मोठी होती.

तीच प्रेरणा उलटीही फिरत असे. गुजरातच्या हक्कांवरून सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि पेशवा बाजीराव यांच्यात १७३१ मध्ये डभई येथे युद्ध झाले आणि सेनापती स्वतः मारला गेला. नागपूरकर रघूजी भोसले आणि पेशवा नानासाहेब यांच्यातील स्पर्धा शमविण्यासाठी शाहू महाराजांना १७४३ मध्ये दोघांची कार्यक्षेत्रे वाटून द्यावी लागली. फौजेसाठी दिलेले सरंजाम हळूहळू घराण्यांचे झाले. शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या मुलखांना ‘दौलत’ म्हटले जाऊ लागले. छत्रपतींच्या नावाची मुद्रा सर्वांना हवी होती, कारण हक्काची वैधता तिथूनच येत होती. परंतु त्या मुद्रेमागे स्वतःचे बळ उरले नव्हते. या घडणीचा अंतिम परिणाम १८०२-०३ मध्ये दिसून आला. यशवंतराव होळकरांनी पेशव्याचा पुण्याजवळ पराभव केला, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि शिंदे व भोसले इंग्रजांशी लढत असताना होळकर त्या युद्धाबाहेर राहिले. हे केवळ व्यक्तींच्या हेव्यादाव्यांचे फळ मानणे अपुरे आहे. प्रत्येकाची सत्ता स्वतंत्र महसुलावर उभी असताना सर्वांचे हित एकाच वेळी एकाच ठिकाणी येण्याची हमी कोणतीही सनद देऊ शकत नव्हती.

या साऱ्या वाटणीचा भार ज्याच्यावर होता त्या रयतेचा विचार केल्याविना हा विषय पुरा होत नाही. मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला कुणबी, आणि उपरी, म्हणजे तसा हक्क नसलेला, बाहेरून येऊन जमीन कसणारा, असा भेद गावोगाव होता. जुलूम असह्य झाला तर गाव सोडून जाणे हे दोघांचेही अंतिम शस्त्र होते, आणि माणसांची वाण असलेल्या मुलखात ते परिणामकारकही ठरे. कौल देऊन, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन देऊन, रयत परत बोलावल्याची पत्रे विपुल आहेत. वेठबिगार मात्र चुकत नसे आणि तिचा सर्वाधिक भार जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्यांवर पडे. महार वतनदाराला हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि बलुत्याचा वाटा मिळे. त्या बदल्यात सीमेची राखण, सरकारी निरोप, वसुलाची ने-आण, मेलेली गुरे ओढणे अशी न संपणारी कामे सर्व कुटुंबाच्या गळ्यात पडत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बंधनाविरुद्ध. देशमुखाला सत्ता देणारी वतनव्यवस्थाच महाराला गुलामीत जखडत होती, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही.

ही रचना १८१८ नंतरही लगेच नाहीशी झाली नाही. इंग्रजांनी अनेक सरदारांशी करार करून त्यांना संस्थानिक बनविले. सहोत्र्याचे मानकरी पंत सचिव भोरचे आणि पंत प्रतिनिधी औंधचे राजे म्हणून राहिले, आणि पटवर्धनांच्या सरंजामांतून सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही संस्थाने झाली. गावच्या वतनांना १८७४ च्या कायद्याने नियमबद्ध केले गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार हे त्यांच्या डोळ्यांसमोर कामे करीत होते. दक्षिणी संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि १९५०, १९५८ व १९६२ च्या कायद्यांनी अनुक्रमे परगणा व कुलकर्णी वतने, कनिष्ठ ग्रामवतने आणि पाटिलकी रद्द झाली. म्हणजे या व्यवस्थेचा कायदेशीर शेवट महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच पूर्ण झाला.

इतक्या दीर्घायुषी व्यवस्थेचा इतिहास दरबारी बखरींवरून लिहिता येत नाही. त्यासाठी महजर, कौलनामे, तक्षिमांच्या, म्हणजे भाऊबंदांच्या हिश्शांच्या, याद्या आणि वसुलाचे ताळेबंद वाचावे लागतात. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळविले, १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते छापले, आणि तरीही मोडी लिपीतील असंख्य रुमाल आजही घराघरांत वाळवीची वाट पाहत पडून आहेत. ज्या वाचकांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते आपल्या घराण्याच्या मोठेपणाची खूण म्हणून कुलुपात न ठेवता एखाद्या संग्रहालयाच्या वा संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावेत, आणि ते वाचताना त्यात कोणाला काय मिळाले याबरोबरच ते कोणाकडून घेतले गेले, हेही विचारावे.